विमानांचें वार्धक्य

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला व तो दोन दिवस पुरला. निमित्त अगदीं क्षुल्लक होतें. पुतण्याचा अकरा वर्षांचा चिरंजीव भ्रमणध्वनीवर कसलीशी चित्रफीत पाहत बसला होता, ती पाहतां पाहतां तो एकाएकीं "अरे अरे!" म्हणून ओरडला. जवळ जाऊन पाहिलें, तों कोठल्याशा परदेशी विमानतळाच्या कोपऱ्यांत एक जुनें, फिरत्या पंख्यांचें उतारूंचें विमान उभें आहे, आणि खोदकामाच्या यंत्रासारखें एक धूड आपला लोखंडी जबडा उघडून त्याच्या पाठीचे लचके तोडीत आहे. पत्रा फाटून आंतल्या खुर्च्या दिसत होत्या, तारांचीं जुडगीं बाहेर लोंबत होतीं. मुलानें विचारलें, "आजोबा, ह्याचा रंगसुद्धां उडालेला नाहीं. मग हें कां मोडतात?"

सूनबाई म्हणाल्या, "जुनें झालें असेल." हें ऐकून आमच्या वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. त्यांच्या न्हाणीघरांत त्यांच्या सासूबाईंच्या लग्नांतला तांब्याचा बंब अद्यापि चालू आहे, व तो काढण्याच्या सूचना त्यांनीं तीन वेळां हाणून पाडलेल्या आहेत. "जुनें झालें म्हणजे मोडावयाचें, हा कोठला न्याय?" एवढें विचारून त्या पुन्हां आंत गेल्या. प्रश्न दोघांचाहि रास्त आहे, आणि उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नाहीं. म्हणून या वेळचीं पानें त्यासाठींच राखून ठेवलीं आहेत.

आमचें घर पार्ल्यास. सांताक्रूझचा विमानतळ इतका जवळ, कीं आमच्या लहानपणीं विमान डोक्यावरून गेलें म्हणजे बोलणारानें वाक्य अर्धवट ठेवावें व आवाज ओसरल्यावर तें पुरें करावें, अशी घरांत रीतच पडून गेली होती. १९५७ सालच्या ऑक्टोबरच्या १० तारखेस इंडियन एअरलाइन्सनें 'व्हायकाउंट' नांवाचीं नवीं इंग्रजी विमानें चालू केलीं, तेव्हां मी सात वर्षांचा होतों. तोंपर्यंत डकोटाची घरघर आमच्या कानांस सवयीची झाली होती. हा आवाज निराळा होता. घरघर नव्हे, शिट्टी. आणि तीहि साधी नव्हे, तर विमान जमिनीवर असतांना किंकाळीसारखी कानांत शिरणारी व तें आकाशांत दूर गेल्यावर एकदम सौम्य होणारी. आजीनें तिच्यावर आपलें वेळापत्रक बसवलें होतें. संध्याकाळची ठराविक शिट्टी गेली कीं ती म्हणे, "गेलें रे तें विमान, दिवा लावा." ज्या दिवशीं विमान उशिरां सुटे, त्या दिवशीं आमचें शुभंकरोतीहि उशिरां होई.

त्याच वर्षीं आमचे धाकटे काका विमानदुरुस्तीच्या एका कारखान्यांत फिटर म्हणून लागले होते. घरांत दोन वकील व एक प्रोफेसर. काका तेवढे हातांस तेल लावून घरीं येणारे. त्यामुळें त्यांच्या धंद्याविषयीं आजोबांचें मत फारसें अनुकूल नव्हतें, पण आम्हां मुलांच्या दृष्टीनें घरांतले खरे कर्ते गृहस्थ तेच होते. शिट्टीचें कोडें त्यांनींच उलगडून सांगितलें. जुन्या विमानाच्या यंत्रांत मोटारीप्रमाणें दट्टे पुढेंमागें होतात व त्यांच्या धक्क्यांनीं सारें विमान थरथरत राहतें. व्हायकाउंटच्या 'डार्ट' यंत्रांत दट्टाच नाहीं. समोरून हवा ओढून ती दाबावयाची, तींत रॉकेलाच्या जातीचें तेल जाळावयाचें, आणि त्या तप्त वायूच्या झोतानें एक चक्र फिरवावयाचें. तें चक्र मिनिटास सुमारें १५ हजार फेरे घेतें. दांतेरी चाकांच्या योगानें तो वेग दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणून पुढचा पंखा फिरवावयाचा. या रचनेला टर्बोप्रॉप म्हणतात. शिट्टी त्या चक्रांची.

अशा रचनेचें उतारूंचें विमान जगांत सर्वांत आधीं प्रत्यक्ष वाहतुकीस लागलें तें हेंच. विलायतेंत व्हिकर्स कंपनीनें तें बांधलें. १९४८ सालच्या जुलैच्या १६ तारखेस तें प्रथम उडालें, आणि १९५० सालच्या २९ जुलैस लंडनच्या नॉर्थोल्ट विमानतळावरून पैसे देणारे उतारू घेऊन पॅरिसला गेलें. पुढें आकार वाढवलेल्या विमानांची नियमित वाहतूक १९५३ च्या १८ एप्रिलपासून सुरू झाली. साडेचारशेंच्या आसपास व्हायकाउंट बांधलीं गेलीं व इंग्लंडाबाहेरच्या कंपन्यांनींहि तीं हौसेनें घेतलीं. त्याचीं दोन कारणें लोकांच्या तोंडीं असत. एक, खिडक्या. लंबवर्तुळाकार, २६ इंच उंच व १९ इंच रुंद. मांडीवरच्या मुलालासुद्धां खालची नदी दिसावी अशा. दुसरें कारण नाण्याचें. विमान उडत असतां समोरच्या मेजावर नाणें कडेवर उभें केलें तर तें पडत नाहीं, अशी त्याची जाहिरात होत असे. आमच्या आजोबांना हें खरें वाटेना. १९६२ सालीं एका खटल्याच्या कामासाठीं त्यांस दिल्लीस जाण्याचा योग आला, तेव्हां त्यांनीं खिशांत मुद्दाम एक जुना राणीछाप रुपया नेला. परत आल्यावर त्यांनीं निकाल दिला तो वकिली थाटाचा: "राहिला. पण भोपाळच्या पुढें पडला." तेव्हांपासून काकांच्या धंद्याविषयीं ते वावगें बोलल्याचें मला आठवत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विमानाचें वय वर्षांनीं मोजीत नाहींत. वहिनींचा बंब आणि विमान यांत भेद आहे तो येथेंच. बंब जाग्यावर उभा असतो. त्याचा तांबा झिजला तर पाणी गळूं लागतें, आणि गळूं लागलें कीं कल्हईवाला बोलवावा. विमानाचा पंख मात्र प्रत्येक उड्डाणांत वांकतो. जमिनीवर उभें असतां तो आपल्या भारानें किंचित् खालीं असतो. आकाशांत साऱ्या विमानाचा भार त्याच्यावर येतो व तो वर उचलला जातो. उतरल्यावर पुन्हां खालीं. हें वांकणें डोळ्यांस जाणवेल न जाणवेल इतकें असलें तरी धातूला जाणवतें. लोखंडी तार एकदां वांकवली तर तुटत नाहीं. तीच वीस वेळां इकडून तिकडे केली कीं हातांत दोन तुकडे येतात, हें प्रत्येक मुलानें करून पाहिलेलें असतें. धातु थकतो, असा कारागिरांचा शब्द आहे व तो शास्त्रज्ञांनींहि मान्य केलेला आहे. म्हणून वय मोजावयाचें तें उड्डाणांनीं. लांबच्या मार्गावर वीस वर्षें राबलेलें विमान तरुण असूं शकतें, आणि दिवसांतून सहा वेळां चढउतार करणारें दहा वर्षांचें विमान म्हातारें.

व्हायकाउंटच्या पंखाची सारी मदार एका मुख्य तुळईवर होती. या तुळईच्या खालच्या दांड्याला किती उड्डाणें झेपतील याचा हिशेब करून कारखान्यानें आंकडा ठरवून दिलेला असे. तो भरला कीं दांडा दिसावयास कितीहि धडधाकट असो, काढून नवा घालावयाचा. हें काम फार खर्चाचें. पंख उकलावे लागतात, विमान महिनोगणती उभें राहतें. विमान विकून टाकावें कीं नवे दांडे घालावे, हा विचार मालकाच्या मनांत प्रथम येतो तो याच वेळीं.

हा आंकडा पाळूनहि काय होऊं शकतें, हें १९६८ सालच्या ३१ डिसेंबरला दिसून आलें. पश्चिम ऑस्ट्रेलियांत पर्थहून पोर्ट हेडलंड गांवीं एक व्हायकाउंट चाललें होतें. उतरावयास थोडाच अवकाश राहिला असतां त्याचा उजवा पंख निखळला. विमानांतलीं २६ च्या २६ माणसें गेलीं. त्या जातीचीं विमानें ऑस्ट्रेलियानें ताबडतोब जमिनीवर आणलीं. त्या पंखाचे दांडे १९६४ सालीं नवे घातलेले होते. त्यांचें ठरलेलें आयुष्य ११,४०० उड्डाणांचें, आणि दांडा तुटला तेव्हां उड्डाणें झालीं होतीं ८,०९०. म्हणजे कागदोपत्रीं तो अजून तीन-साडेतीन हजार वेळां उडावयास मोकळा होता. चौकशींत असें निघालें, कीं दांड्याच्या एका भोकांत जो बुश, म्हणजे पोकळ नळकांडें, घट्ट बसवलेला असतो, त्याचें तोंड कोणीतरी किंचित् फुगवलेलें होतें. तसा तो आंत घालतांना घट्टपणा बिघडला. आणि ज्या ठिकाणीं धातूनें वर्षानुवर्षें भार पेलावा, त्याच ठिकाणीं भेगेला वाट मिळाली. तें कोणीं केलें व कां केलें, याचा निर्णायक उलगडा झाला नाहीं. करणाराला आपण काय करतों आहों याची कल्पना नसावी, इतकेंच.

या अहवालाचा गोषवारा पुढच्या वर्षीं काकांच्या कारखान्यांत आला. काकांनीं तो दुपारच्या सुटींत वाचला. त्या रात्रीं ते जेवले नाहींत. पोट बिघडलें आहे म्हणाले. काकूंनीं आल्याचा रस दिला. खरें काय तें मला कळलें पुष्कळ वर्षांनीं, ते निवृत्त झाल्यावर, व तेंहि काकूंच्या मागें. अहवालांतला 'बुश' हा शब्द वाचल्याबरोबर त्यांना दोन वर्षांपूर्वींची एक रात्र आठवली होती. निराळ्या जातीचें विमान, निराळा भाग. पण बुश जरा हट्टानें बसत होता, सकाळीं विमान सुटावयाचें होतें, वरिष्ठ घाई करीत होते. त्यांनीं तो बसवला. सरळ बसला, कीं ठोकून बसवला? दोन वर्षांपूर्वींच्या मध्यरात्रीं आपल्या हातानें नेमकें काय केलें, हें त्यांना शपथेवर सांगतां येईना.

सकाळीं ते वरिष्ठांकडे गेले व तो भाग उघडून पाहावा असें लेखी मागितलें. भाग उघडावयाचा म्हणजे विमान तीन दिवस उभें. वरिष्ठ म्हणाले, तुमच्याच सहीनें तो पास झाला आहे; आतां तुम्हीच नको म्हणतां, मग सहीचा अर्थ काय? काका म्हणाले, "सही माझी आहे म्हणूनच मागतों." पुष्कळ वादावादी होऊन अखेर भाग उघडला. बुश उत्तम बसलेला होता. ओरखडासुद्धां नव्हता. तीन दिवसांचें नुकसान काकांच्या नांवावर चढलें, मिळावयाची बढती दोन वर्षें लांबली, आणि कारखान्यांत कांहीं दिवस त्यांना 'बुशवाले' हें नांव पडलें. हें सांगतांना काका हंसत होते. मीं विचारलें, "तुम्हांला पश्चात्ताप नाहीं झाला?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, उठून पंखा एक आंकडा कमी केला, तेवढेंच.

व्हायकाउंटचे दिवस तोंपर्यंत भरत आलेच होते. १९६४ सालीं इंडियन एअरलाइन्सकडे कारावेल आलीं, नंतर बोइंग. शिट्टीच्या जागीं गडगडाट आला. १९७० नंतरच्या थोड्या वर्षांत व्हायकाउंट आमच्या आकाशांतून नाहींशीं झालीं. इंग्लंडांत तीं फार चिवटपणें टिकलीं. ब्रिटिश एअरवेजनें काढून टाकलेलीं एका छोट्या कंपनीनें घेतलीं व साउथएंडच्या विमानतळावर आणून ठेवलीं; त्यांतलीं कांहीं उडालीं आणि कांहीं उडणाऱ्यांना सुटे भाग पुरवतां पुरवतां संपलीं. जुन्या विमानाची ही नेहमींची गति आहे. एकाच ताफ्यांतलीं दोन विमानें तिसऱ्याला जगवतात. तिकडची शेवटची उतारूंची फेरी १९९६ च्या १८ एप्रिलला झाली. पहिली नियमित फेरी झाल्याला त्या दिवशीं बरोबर ४३ वर्षें पुरीं झालीं होतीं.

मोडण्याची रीतहि सांगितली पाहिजे, कारण मुलाचा प्रश्न मुळांत तिच्याबद्दलच होता. जबड्याचें यंत्र येतें तें अगदीं शेवटीं. विमान अखेरचें उतरलें कीं आधीं टाक्यांतलें तेल व नळ्यांतले द्रव काढून घेतात. मग यंत्रें उतरवतात, पंखे उतरवतात, चाकांचे पाय, दर्शकयंत्रें, पंप, जनित्रें. कारण विमानाची किंमत या वस्तूंत असते, अंगाच्या पत्र्यांत नव्हे. प्रत्येक भागाबरोबर त्याची जन्मकुंडली असावी लागते: कधीं बनला, किती तास चालला, कोणीं तपासला. कुंडली हरवली तर भाग नवा कोरा असला तरी भंगारच. फार जुन्या विमानांत अंधारांत चमकणाऱ्या तबकड्यांना रेडियमचा लेप असे. त्या वेगळ्या काढून जपून ठेवाव्या लागतात. एवढें झाल्यावर जो सांगाडा उरतो, त्यावर तें धूड चालवतात, आणि चार-दोन दिवसांत मैदान मोकळें होतें.

उरलेला धातु बहुतेक ॲल्युमिनियमचा. खनिजापासून नवें ॲल्युमिनियम काढण्यास जी ऊर्जा लागते तिच्या विसाव्या हिश्श्यांत जुनें वितळतें, म्हणून तो वायां कोणीच घालवीत नाहीं. परंतु विमानाच्या कांहीं भागांत तांबें मिसळलेलें असतें, कांहींत जस्त. सारें एकत्र वितळलें कीं त्या रसाचें पुन्हां विमान होत नाहीं, हलक्या प्रतीचे ओतीव जिन्नस होतात. आमच्या काकू मात्र घरांतल्या एका मोठ्या पातेल्याला शेवटपर्यंत 'विमान' म्हणत. कुर्ल्याच्या भंगारबाजारांतून आलेल्या धातूचें तें आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. काकांनीं ती कधीं खोडून काढली नाहीं. मीहि काढीत नाहीं.

डार्ट यंत्राची शिट्टी आपल्या देशांतून व्हायकाउंटबरोबर गेली नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. तींच यंत्रें बसवलेलें 'ॲव्रो ७४८' आपण कानपुरास बांधूं लागलों. पहिलें विमान १९६१ च्या १ नोव्हेंबरला उडालें व आदल्या वर्षीं निवर्तलेले वायुदलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याला 'सुब्रतो' हें नांव दिलें. अशीं ८९ विमानें येथें तयार झालीं. उतारूंच्या कामांतून तीं केव्हांच निघालीं. वायुदलांत मात्र टिकून राहिलीं. त्यांच्या जागीं सी-२९५ जातीचीं ५६ विमानें घेण्याचा करार २०२१ सालीं झाला. त्यांतलें पहिलें २०२३ च्या सप्टेंबरांत आलें, आणि चाळीस विमानें बडोद्यास जुळवावयाचीं ठरलेलीं आहेत. हींहि टर्बोप्रॉपच. रचना बाद झालेली नाहीं. छोट्या धांवपट्टीच्या गांवांना आजहि तीच परवडते. म्हातारीं होतात तीं विमानें.

कांहीं थोडीं विमानें धूडाच्या जबड्यांतून सुटतात. जपाननें युद्धानंतर स्वतः बांधलेल्या 'वाय. एस. ११' या विमानाला तोच डार्ट होता. जपानांतली त्याची शेवटची उतारूंची फेरी २००६ च्या ३० सप्टेंबरला झाली. त्याच्या कारखान्यांतून निघालेलें पहिलें विमान टोकियोच्या हानेदा विमानतळावर एका छपराखालीं वर्षानुवर्षें जपून ठेवलें होतें. २०२० सालीं तें सुटें करून इबाराकी प्रांतांत चिकुसेई येथें लोकांना पाहावयास नेलें. अशीं भाग्यवान् विमानें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच. जागा लागते, छप्पर लागतें, दरवर्षीं रंग लागतो, आणि पदरमोड करून राबणारीं माणसें लागतात.

व्हायकाउंटचेंहि एक इंग्लंडांत वेब्रिजला ब्रुकलंड्सच्या संग्रहालयांत उभें आहे. १९९० सालापासून तेथें आहे, आणि ज्या आवारांत त्याचा आराखडा तयार झाला त्याच आवारांत. आमची भाची तिकडे नोकरीस असते. हा वाद चालू असतां मीं तिला कळवलें, तेव्हां ती एका रविवारीं मुद्दाम जाऊन आली. आंत जाऊं देतात म्हणे. खिडकीशेजारीं बसून तिनें वितींनीं खिडकी मोजली व ती आजोबा सांगत तेवढीच भरली. मग समोर मेजावर एक पौंडाचें नाणें कडेवर उभें केलें. नाणें उभें राहिलें. विमान जागचें हालत नव्हतें, तेव्हां त्यांत नवल नाहीं, असें तिनेंच पुढें लिहिलें आहे. पत्र वहिनींनीं दोनदां वाचून घेतलें आणि बंबावरच्या फळीवर ठेवून दिलें.